कार्ब्युरेटर केवढा असावा?

ज्यांच्या दारात एकेकाळी बजाजची स्कूटर उभी असे, त्या घरांतील मंडळींना पौषातली एखादी सकाळ आठवत असेलच. माळव्याच्या थंडीत आखडलेली स्कूटर लाथांना दाद देईना, की गृहस्थ तिला एका अंगावर कलती करीत, क्षणभर तशीच धरून ठेवीत, पुन्हा सरळ करीत आणि मग एका लाथेत ती धडधडू लागे. असे का करावयाचे हे फार थोड्यांस ठाऊक होते. वडील करीत म्हणून मुलगा करी. वस्तुतः त्या कलण्याने कार्ब्युरेटरच्या वाटीतील पेट्रोल हिंदकळून आत जाई आणि गारठलेल्या इंजिनास हवे तसे दाट मिश्रण मिळे. १ एप्रिल २०२० पासून आपल्याकडे भारत स्टेज ६ चे नियम लागू झाले आणि नव्या दुचाकींतून कार्ब्युरेटर जवळजवळ हद्दपार झाला. पण जुनी यंत्रे अजून चालत आहेत आणि ती चालविणारी हौशी माणसेही आहेत. माझा पुतण्या त्यांपैकी एक. आजचा लेख त्याच्यामुळे लिहावा लागत आहे.

हा पुतण्या अमेरिकेत, कोलोरॅडो राज्यात डेन्व्हर शहराजवळ असतो. शिक्षणाने संगणकाचा, वृत्तीने लोखंडाचा. गेल्या वर्षी त्याने तिकडे ‘ऑल टेरेन व्हेईकल’ म्हणतात तसले एक वाहन जुने विकत घेतले. मोटारीसारखे छप्पर नाही, दारे नाहीत. मोटरसायकलीसारखे बसावयाचे, हाती दांडी धरावयाची, आणि खाली कमी हवेचे चार फुगीर टायर. वाळू, चिखल, खडक, कोठेही जावे अशी योजना. होंडाने १९७० साली अशा वाहनाची तीनचाकी आवृत्ती अमेरिकेत विकावयास आणली होती. ती फार उलटत, माणसे दगावत. अखेर १९८८ साली तेथील सरकार आणि कारखानदार यांच्यातील न्यायालयीन तडजोडीने तीनचाकींची विक्री थांबली आणि चारचाकीच उरल्या.

पुतण्याने घेतलेली गाडी यामाहाची ‘बॅन्शी’. ही १९८७ साली निघाली आणि अमेरिकेत २००६ पर्यंत विकली गेली. दोन सिलिंडरांचे, टू-स्ट्रोक जातीचे, पाण्याने थंड होणारे ३४७ घन सेंटिमीटरचे इंजिन. हा आकडा वाचून माझ्या पिढीतील काही वाचकांचे कान टवकारले असतील. आपल्याकडे एस्कॉर्ट्सने १९८३ साली बाजारात आणलेल्या राजदूत ३५० चे इंजिनही ३४७ चेच. सिलिंडरचा व्यास ६४ मिलिमीटर, पिस्टनची धाव ५४ मिलिमीटर. दोहोंत तंतोतंत एकच. राजदूत हवेने थंड होई, बॅन्शी पाण्याने होते. राजदूतला तेल वेगळ्या पंपाने पोचे, बॅन्शीत ते पेट्रोलमध्येच मिसळावे लागते. पण कूळ एक, चुलत बहिणी म्हणा. राजदूत ३५० माझ्याकडे चार वर्षे होती, तेव्हा या चुलत बहिणीविषयी दोन शब्द सांगण्याचा मला अधिकार आहे, असे मी समजतो.

पुतण्याने पहिला दूरध्वनी केला तो सल्ला विचारावयास नव्हे, आनंद सांगावयास.

“काका, केहिनचे पस्तीसचे दोन कार्ब्युरेटर घेतोय. कंपनीचे सव्वीसचे काढून टाकणार. इथले मित्र म्हणतात, गाडी उडेल.”

“इंजिनाचे पोर्ट कोरून मोठे केले आहेस का?”

“नाही. सायलेन्सर बदललेत. एअर फिल्टरही मोकळे लावलेत.”

“मग पस्तीस कशाला?”

यावर जे उत्तर आले ते माझ्या ओळखीचे होते. मोठे तोंड, जास्त हवा, जास्त पेट्रोल, जास्त जोर. हेच गणित माझ्या तारुण्यात छोट्या ग्वालटोलीतल्या दुकानांच्या फळीवर बसून आम्हीही मांडीत असू. गणित सोपे आहे. एवढेच की ते चूक आहे.

कार्ब्युरेटर पेट्रोल ढकलीत नाही. तो केवळ एक अरुंद गळा आहे. पिस्टन हवा ओढतो, ती हवा गळ्यातून जाताना वेग घेते, वेगाबरोबर तिचा दाब उतरतो आणि खालच्या वाटीतील पेट्रोल बारीक छिद्रातून वर चढून त्या हवेत तुषार होऊन मिसळते. पूर्वी डास मारण्यासाठी घरोघर फ्लिटचा पंप असे, तो आठवावा. दांडा मागेपुढे केला की हवेचा झोत नळीच्या टोकावरून जाई आणि डब्यातले औषध आपोआप फवारले जाई. दांडा हळू ओढला तर औषधाचे थेंब पडत, फवारा होत नसे. सारे मर्म त्या झोताच्या वेगात आहे. गळा रुंद केला की तेवढ्याच हवेचा वेग उतरतो.

पुतण्यास मी आकडे लिहून पाठविले. सव्वीस आणि पस्तीस या व्यासांत फरक नऊ मिलिमीटरचा दिसतो. परंतु तोंडाचे क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने वाढते, म्हणजे ते १.८१ पट होते. इंजिन तेवढीच हवा ओढत असेल तर वेग उरतो पंचावन्न टक्के. आणि पेट्रोल वर खेचणारी ओढ वेगाच्याही वर्गाने चालते, तेव्हा ती उरते तीस टक्के. पोर्ट कोरलेले, अतिशय उंच फेऱ्यांवर धावणारे शर्यतीचे इंजिन ही तूट हवेच्या जास्त पुरवठ्याने भरून काढील. पण कंपनीच्या पोर्टांचे इंजिन वाळूच्या चढावर, जेथे चाके रुततात आणि फेऱ्या उतरतात, नेमके तेथेच घसा बसल्यासारखे करील. फारच हौस असेल तर अठ्ठावीसचे घ्यावेत; त्यांचे तोंड सोळा टक्क्यांनी मोठे असते आणि ते या इंजिनास सोसते. पण सव्वीसच्या जोडीतच जेट बदलून काम भागते का, हे आधी पाहावे, असे माझे मत पडले.

तीन रविवार वाद झाला. मित्रांच्या गाड्यांना पस्तीस आहेत, हा त्याचा खरा मुद्दा होता आणि त्यास माझ्याजवळ उत्तर नव्हते. शेवटी कार्ब्युरेटर तेच राहिले आणि त्याने पितळी जेटांची एक डबी मागविली. कार्ब्युरेटरच्या जोडीच्या किमतीपुढे जेटांची किंमत काहीच नाही. वाद थांबण्यास हेही एक कारण झाले असावे.

त्या वादात एक गोष्ट मी त्याला सांगितली नव्हती. घरात ती त्याच्या कानावर आली असणार. माझ्या तोंडून त्याने ती ऐकलेली नव्हती. ती येथे सांगतो.

१९८७ च्या जानेवारीत मी माझ्या राजदूतचे एअर फिल्टर काढून टाकले आणि सायलेन्सरच्या आतील अडथळे उपटले. आवाज दुप्पट झाला आणि त्यालाच मी जोर समजलो. जेट मी बदलले नाहीत. बाजारात मिळत नव्हते म्हणून नव्हे. बदलावयास हवेत हे डोक्यातच आले नाही. हवा आत येण्याची आणि धूर बाहेर जाण्याची वाट मोकळी केली, तर गळ्यातून जाणारी हवा वाढते आणि तिच्या मानाने पेट्रोल अपुरे पडते, हे आज मी कोणासही सांगेन. त्या पहाटे धाकट्या भावास मागे बसवून मी मुंबईच्या रस्त्याने निघालो. हवा थंड, म्हणजे घट्ट. मिश्रण त्यामुळे आणखी विरळ. महू गेले, मानपूर गेले. घाट मी थ्रॉटल मिटून उतरलो. उतरताना इंजिनाच्या फेऱ्या चालू होत्या, पण थ्रॉटल मिटलेला असल्याने तेलाचा पंप थेंबथेंबच सोडीत होता. गुजरीच्या खाली निमाडचा सरळ रस्ता लागला, नर्मदा अजून पुढे होती, आणि मी मूठ पूर्ण पिळली.

विरळ मिश्रण जास्त तापते. पेट्रोलची वाफ होताना ते स्वतः उष्णता शोषून घेते. पेट्रोल कमी तर हा गारवाही कमी. पिस्टन ॲल्युमिनियमचा, तो भोवतालच्या लोखंडी सिलिंडरहून अधिक फुगतो, त्याच्या कडेची तेलाची झिलई संपते आणि तो तेथेच धरून बसतो. कारागीर यास गाडी ‘सीझ’ झाली म्हणतात. त्याआधी क्षणभर एक चिरका स्वर निघतो. क्लच दाबण्यापुरता तो क्षण माझ्या हाती होता. मी तो आवाज कशाचा हे ओळखण्यात घालविला. मागचे चाक जागच्या जागी थांबले. मला खरचटले. भावाचा उजवा गुडघा गेला. तो आजही मांडी घालून बसू शकत नाही. पंगतीत त्याच्यासाठी खुर्ची मांडावी लागते. त्या इंजिनातून निघालेला, खडूसारखा पांढरा प्लग माझ्या टेबलाच्या खणात आहे. हा भाऊ म्हणजे या पुतण्याचे वडील.

तेव्हा डेन्व्हरमधल्या मुलाने गाडीचे फिल्टर आणि सायलेन्सर मोकळे केले आहेत, हे कळले त्याच दिवशी मला त्याच्या जेटांची काळजी लागली होती. पस्तीस की सव्वीस हा वाद त्या मानाने किरकोळ होता.

आता जेट. कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोलची एकच वाट असते असे पुष्कळांस वाटते. वस्तुतः थ्रॉटल किती उघडला आहे त्यानुसार वाटा बदलतात. जवळजवळ मिटलेला असता पायलट जेट आणि शेजारचा हवेचा स्क्रू यांची सत्ता. किंचित उघडला, चौथ्या हिश्शापर्यंत, की वर-खाली होणाऱ्या स्लाइडच्या काठास दिलेला उतरता काप. तेथून पाऊण भागापर्यंत स्लाइडला लटकलेली निमुळती सुई. आणि त्यापुढे पूर्ण उघडेपर्यंत मेन जेट. एकाची हद्द दुसऱ्यात थोडी शिरते. म्हणून गाडी कोठे अडखळते हे सांगताना वेग सांगू नये, फेऱ्याही सांगू नयेत; थ्रॉटल किती उघडा होता ते सांगावे. आम्ही मुठीवर चिकटपट्टीचा तुकडा लावून चार खुणा करीत असू. बॅन्शीचा थ्रॉटल अंगठ्याने दाबावयाचा असतो, तेव्हा पुतण्याने खुणा त्या खटक्याच्या घरावर केल्या. अर्ध्या थ्रॉटलवर गुदमरणाऱ्या गाडीचा मेन जेट बदलीत बसणारे कारागीर मी सर्व आयुष्यभर पाहिले आहेत.

आणखी एक. बॅन्शीवरच्या मिकुनीत तो स्क्रू हवेचा आहे. आत पिळला की हवा कमी होते, मिश्रण दाट होते. काही कार्ब्युरेटरांत त्या जागी पेट्रोलचा स्क्रू असतो, त्याची रीत नेमकी उलट. कोणता आहे हे पाहिल्यावाचून स्क्रूड्रायव्हर उचलू नये.

मेन जेट योग्य की नाही हे प्लग सांगतो. कोरा प्लग लावावा, इंजिन चांगले तापलेले असावे, वरच्या गिअरमध्ये काही अंतर पूर्ण थ्रॉटलवर न्यावे आणि तसाच क्लच दाबून इंजिन एकदम बंद करावे. रमतगमत परत येऊन मग प्लग पाहिला तर तो परतीच्या वाटेची हकिगत सांगेल, चढावरची नव्हे. चिनी मातीच्या दांड्याच्या मुळाशी तपकिरी वलय दिसावे, साधारणपणे मारी बिस्किटाच्या रंगाचे. काजळी असेल तर दाट, पांढरे असेल तर विरळ. दाट मिश्रणाने गाडी मरगळते, धूर करते, प्लग खराब होतात, नुकसान एवढेच. विरळ मिश्रणाने मात्र मोडण्याच्या आदल्या क्षणापर्यंत गाडी अतिशय चपळ वाटते, आणि बॅन्शीसारख्या यंत्रात तर तेलही पेट्रोलबरोबरच येत असल्याने पेट्रोल कमी म्हणजे तेलही कमी. म्हणून मोठ्या जेटाने आरंभ करावा आणि एकेक पायरी खाली यावे. वर चढत जाऊन शोधू नये. ‘सुरक्षिततेसाठी थोडे तेल जास्त घाल’ असा सल्ला त्यास कोणी दिला होता; तोही उलटा लागू पडतो. त्याच छिद्रातून तेल जास्त गेले की पेट्रोल कमी जाते आणि मिश्रण आणखी विरळ होते.

अशा रीतीने तीनशेपासून उतरत उतरत पुतण्या २६० वर स्थिरावला. दोन्ही प्लग सारखे, बिस्किटी. मीही समाधान पावलो. परंतु हे २६० डेन्व्हरचे होते.

डेन्व्हर समुद्रसपाटीपासून १,६०९ मीटर उंच आहे. आपले इंदूर साडेपाचशेच्या आसपास. त्या उंचीवर हवेची घनता समुद्रकिनाऱ्यापेक्षा सुमारे पंधरा टक्क्यांनी कमी. मग जेटही पंधरा टक्क्यांनी लहान हवा काय? नाही. हवा विरळ झाली की तिची ओढही मंदावते, त्यामुळे पेट्रोलही काहीसे आपोआप कमी होते. हा आपोआपचा भाग जवळजवळ अर्धा भरतो आणि उरलेले सात-आठ टक्के जेटाने सांभाळावे लागतात. मिकुनीच्या या जातीच्या जेटांवरचा आकडा पेट्रोलच्या प्रवाहाचा असतो, म्हणून हिशेब सरळ पडतो. डेन्व्हरला २६० बरोबर असेल तर समुद्रसपाटीस २८० लागणार. केहिनच्या जेटांवर छिद्राचा व्यास मिलिमीटरच्या शंभराव्या भागात लिहिलेला असतो. त्या आकड्यांशी या आकड्यांची सोयरीक जुळवू नये.

नोव्हेंबरात ही मंडळी गाड्या ट्रेलरवर चढवून कॅलिफोर्नियाच्या आग्नेय कोपऱ्यात, मेक्सिकोच्या सरहद्दीनजीक ग्लॅमिसला गेली. तेथे सुमारे सत्तर किलोमीटर लांबीचा वाळूच्या टेकड्यांचा पट्टा आहे; काही टेकड्या तीनशे फूट चढतात. जमीन जवळजवळ समुद्रसपाटीची, पहाटेची हवा थंड, आणि वाळू अशी की टेकडी चढेपर्यंत थ्रॉटल सोडता येत नाही. विरळ मिश्रणाच्या इंजिनास याहून वाईट जागा शोधूनही मिळणार नाही. भरीला मंडळींनी पेट्रोलचे डबे घरीच भरून नेले होते. कोलोरॅडोत पंपावर ८५ ऑक्टेनचे साधे पेट्रोल मिळते, उंचीवर ते चालून जाते. खाली तेच पेट्रोल इंजिनात ठोके देऊ लागते. २८० चे जेट पुतण्याच्या डबीत होते. ते पोहोचल्याबरोबर बदलण्याचे त्याने मला कबूल केले होते.

त्या रात्री साडेदहाच्या सुमारास, म्हणजे तिकडे सकाळी नऊ वाजता, माझ्या फोनवर एक छायाचित्र आले. कापडावर दोन प्लग शेजारी शेजारी ठेवलेले. दोन्ही पांढुरके.

“काका, एकच फेरी मारली. सगळे निघाले होते. कसे आहेत?”

मी जे बोललो ते छापण्याजोगे नाही. जेट आताच बदल, तोवर गाडीस हात लावू नकोस, आणि शेजाऱ्यांकडून चांगले पेट्रोल माग, एवढे त्यातले कामाचे होते. भाऊ त्या दिवशी आमच्याकडेच मुक्कामास होता. तो पलंगावरून उठून, काठी टेकीत माझ्या खुर्चीमागे येऊन उभा राहिला. काही बोलला नाही.

पाऊण तासाने दुसरे छायाचित्र आले. जेट २८० चे, प्लग नवे, एक लहान चढ. डावा प्लग सुरेख बिस्किटी. उजवा फिकटच.

“अजून थोडे कमी पडते आहे,” मी म्हणालो, “तीनशे लाव.”

“दादा,” भाऊ मागून म्हणाला, “दोन्हीकडे माप एकच ना?”

“एकच.”

“मग एकच का सुधारला?”

चाळीस वर्षे मी यंत्रांत घालविली आणि हा प्रश्न मला सुचला नाही, कारण मला जेटच दिसत होते. दोन सिलिंडर, दोन कार्ब्युरेटर, जेट एक, सुई एक, पेट्रोल एक. त्यांपैकी एकच विरळ असेल तर दोष जेटाचा असू शकत नाही. एक तर दोन स्लाइड एकदम उचलल्या जात नाहीत, नाही तर उजव्या बाजूस कोठून तरी जेटाला न विचारता हवा आत जात आहे. तीनशेचा जेट लावला असता तर डावे इंजिन गुदमरले असते आणि उजवे तरीही जळाले असते. भावाने छायाचित्र बोटांनी मोठे केले. उजव्या प्लगच्या पांढऱ्या मातीवर मिऱ्याच्या पुडीसारखे राखी कण होते. ते कण पिस्टनच्या ॲल्युमिनियमचे असतात. मी ते पूर्वी पाहिलेले होते. ज्या प्लगवर पाहिले होते तो त्या खोलीतच, खणात होता.

भावाने माझ्या हातून फोन घेतला. “आता इंजिनाला पळवू नकोस,” एवढेच म्हणाला.

स्लाइड तपासल्या, त्या सारख्या उचलल्या जात होत्या. मग इंजिन मंद फेऱ्यांवर ठेवून उजव्या कार्ब्युरेटर आणि सिलिंडर यांमधल्या रबरी नळीभोवती कार्ब्युरेटर धुण्याचा फवारा जपून, थोडाथोडा मारावयास सांगितले. (हा द्रव पेट घेणारा असतो, तापलेल्या सायलेन्सरजवळ हे काम करू नये.) वरून काही नाही, बाजूने काही नाही, खालून मारताच फेऱ्या बदलल्या. नळीच्या पोटाला, पट्टी आवळतो तेथे, नखाएवढी चीर. इंजिन ओढू लागले की ती उघडे. डेन्व्हरला प्लग सारखे दिसत होते, त्या अर्थी ती प्रवासात वाढली असावी.

पुढचे दोन दिवस पुतण्या खुर्ची टाकून मित्रांच्या पस्तीसच्या गाड्या टेकड्या चढताना पाहत बसला. थट्टाही झाली असेल. घरी परतल्यावर इंजिन उघडले तेव्हा उजव्या पिस्टनच्या धूर जाण्याच्या बाजूस उभे ओरखडे निघाले. धरण्याची सुरुवात झालेली होती. सिलिंडर पुढच्या मापाचे करून घेतले, पिस्टन नवे, दोन्ही रबरी नळ्या नव्या. आणि या खेपेस जेटाच्या आधी त्याने गळती तपासली: हवा येण्याच्या व जाण्याच्या सर्व वाटा बुचांनी बंद करून इंजिनात चौरस इंचास सहा पौंड दाबाची हवा भरावयाची आणि सहा मिनिटे काटा हलत नाही हे पाहावयाचे. टू-स्ट्रोक इंजिनास ही परीक्षा ट्युनिंगच्या आधी लागते. मीच ती सांगावयास विसरलो होतो. क्रँकच्या सीलांतून, नळ्यांतून हवा चोरीत असलेल्या इंजिनाचे जेट कितीही बदलले तरी हिशेब लागत नाही. मंद फेऱ्यांवर येण्यास इंजिन रेंगाळते, थ्रॉटल सोडल्यावरही फेऱ्या वरच राहतात, ही त्याची घरगुती खूण.

जाता जाता एक गोष्ट. बॅन्शीच्या कार्ब्युरेटरांच्या डोक्यावर एक विजेची योजना असते. अंगठा सोडूनही स्लाइड उघडी अडकली तर ती ठिणगी तोडून इंजिन आटोक्यात ठेवते. हौशी लोक ती अडगळ म्हणून काढून टाकतात आणि पुतण्यानेही काढली. काढली तर काढली. पण तिच्या जागी मनगटास दोरीने बांधलेली, माणूस खाली पडताच इंजिन बंद करणारी कळ लावल्याशिवाय मी पुढचा एकही प्रश्न ऐकून घेणार नाही, असे त्याला सांगितले. ती लावली आहे. तिचेही छायाचित्र आले आहे.

सव्वीसचीच जोडी अजून गाडीवर आहे. येत्या हिवाळ्यात अठ्ठावीस घ्यावेत असे त्याच्या मनात आहे. त्यास माझी हरकत नाही. वाळूकडे निघण्यापूर्वी २८० चे जेट घरीच बसवावयाचे आणि ट्रेलरवर चढविल्यानंतर गाडीस हात लावावयाचा नाही, असे ठरले आहे. प्लगची छायाचित्रे अजूनही येतात. आता ती आधी त्याच्या वडिलांकडे जातात, मग माझ्याकडे.